‘कशावरून?’ : सेंट ऑगस्टीनच्या ट्रॉलीत बसून केलेला गृहपाठ



पीएच.डी.च्या पहिल्या वर्षातली गोष्ट. सल्लागार समितीसमोर माझं पहिलं सादरीकरण होतं. विषय कोकणातल्या जलदुर्गांचा, म्हणजे त्यांचे दगड सांधायला वापरलेला चुना. मी एम.एस्सी. भूविज्ञान केलेली, त्यामुळे खनिजं, पातळ काप, एक्स-रे या सगळ्याची तयारी झकास होती. प्रस्तावनेत मी एक वाक्य अगदी आत्मविश्वासाने वाचलं : ‘सिंधुदुर्गाच्या पायात शिसं ओतून दगड पक्के केले गेले.’ मालवणहून होडीत बसलात की किल्ला येईपर्यंत हे वाक्य तुम्हालाही ऐकायला मिळतंच.

बाहेरून आलेले विषयतज्ज्ञ सर वयस्कर होते. त्यांनी चष्मा वर केला आणि एकच शब्द विचारला, ‘कशावरून?’

मी एका पुस्तिकेचं नाव सांगितलं. ‘आणि त्या पुस्तिकेत कशावरून?’ मला माहीत नव्हतं. घरी येऊन बघितलं, तर पुस्तिकेत संदर्भच नव्हता. दुसऱ्या एका पुस्तकात तेच वाक्य सापडलं म्हणून हायसं वाटलं, पण त्याने संदर्भ दिला होता त्याच पहिल्या पुस्तिकेचा! ते वाक्य खोटं आहे असं मी तेव्हाही म्हणत नव्हते, आजही म्हणत नाही. पण ते खरं कशावरून, हे मला सांगता आलं नाही, आणि पुढचे दोन महिने माझं अख्खं प्रस्तावनेचं प्रकरण परत लिहिण्यात गेले.

हा किस्सा आज सांगायचं कारण वेगळंच आहे. त्यानंतर दीड वर्षाने फ्लोरिडात एका परिषदेत पोस्टर लावायची संधी मिळाली. शेवटचा दिवस मोकळा होता. आईच्या मैत्रिणीकडे, जॅक्सनव्हिलला उतरले होते. मावशी म्हणाली, ‘तुला किल्ले आवडतात ना? मग सेंट ऑगस्टीन बघून ये.’ काकांनी सकाळी गाडीने सोडलं आणि मी पर्यटकांसाठीच्या ट्रॉलीचं तिकीट काढलं. चालकच माईकवर शहराचा इतिहास सांगत असतो. पाहिजे तिथे उतरायचं, बघायचं, मागून येणाऱ्या ट्रॉलीत परत चढायचं.

मी वही काढली आणि तीन रकाने आखले. पहिला, ऐकलेलं वाक्य. दुसरा, त्याचा सर्वांत जुना पुरावा. तिसरा, घटना आणि पुरावा यांच्यातलं अंतर, वर्षांमध्ये. दुसरा आणि तिसरा रकाना त्या दिवशी रिकामाच राहिला. तो भरायला परत आल्यावर काही आठवडे ग्रंथालयात बसावं लागलं. चला, त्या वहीतून तुम्हालाही फिरवून आणते. रिसर्च मेथडॉलॉजीचा पेपर तुम्ही पाठ करणारच आहात, त्यापेक्षा हा प्रवास लक्षात राहील.

आधी गाडीबद्दल

ट्रॉली म्हणजे मुळात रुळांवरून, वरच्या तारेतून वीज घेऊन धावणारी ट्राम. आम्ही बसलो होतो ती गाडी रबरी टायरांवर धावणारी साधी मोटार होती. वरून लाकडी बाकं, कमानीच्या खिडक्या आणि घंटा बसवून तिला ट्रामचं रूप दिलेलं. या शहरात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विजेवरच्या खऱ्या ट्राम होत्या, त्या केव्हाच गेल्या. म्हणजे तिकीट काढल्या क्षणापासून तुम्ही इतिहासाच्या एका नकलेत बसलेले असता. यात फसवणूक काहीच नाही, सगळ्यांना ते माहीत असतं. पण वहीत पहिली नोंद मी हीच केली : वस्तू जुनी दिसणं आणि जुनी असणं या दोन गोष्टी वेगळ्या.

पहिलं वाक्य : ‘अमेरिकेतलं सर्वांत जुनं शहर’

गाडी सुटते न सुटते तोच हे वाक्य येतं. पुरावा भक्कम आहे. पेद्रो मेनेंदेझ दे आविलेस या स्पॅनिश सेनानीला २८ ऑगस्ट १५६५ रोजी, म्हणजे संत ऑगस्टीनच्या सणाच्या दिवशी, हा किनारा दिसला. ८ सप्टेंबरला तो उतरला आणि त्याने वसाहत स्थापन केली. त्याच मोहिमेतल्या लोकांनी लिहिलेले वृत्तांत उपलब्ध आहेत. इंग्रजांचं जेम्सटाउन १६०७ चं, प्लिमथ १६२० चं. म्हणजे अंतराच्या रकान्यात जवळजवळ शून्य.

मग अडचण कुठे आहे? अडचण ‘सर्वांत जुनं’ या शब्दात आहे. न्यू मेक्सिकोतलं आकोमा आणि ॲरिझोनातलं ओराईबी ही मूळनिवासींची गावं मेनेंदेझच्या कित्येक शतकं आधीपासून नांदती आहेत. अमेरिकेच्या ताब्यातल्या पोर्तो रिकोमधलं सान हुआन १५२१ चं. फ्लोरिडातच पेन्साकोला इथे १५५९ मध्ये स्पॅनिश वसाहत झाली होती, पण ती टिकली नाही. त्यामुळे काटेकोर वाक्य असं होतं : ‘अमेरिकी संस्थानांच्या मुख्य भूमीवर, युरोपीय लोकांनी वसवलेलं आणि तेव्हापासून अखंड वस्ती असलेलं सर्वांत जुनं शहर.’ माईकवर हे वाक्य कंटाळवाणं वाटेल, कबूल. पण यातलं एकेक विशेषण काढून बघा. प्रत्येक वेळी दुसरं एखादं गाव पहिल्या नंबरवर येतं.

‘अखंड’ या शब्दातही गंमत आहे. पहिली वसाहत आजच्या शहराच्या मध्यभागी नव्हतीच. ती थोडी उत्तरेला, तिमुकुआ लोकांच्या सेलॉय नावाच्या गावात होती. तिमुकुआंशी बिनसल्यावर १५६६ मध्ये ती खाडीपलीकडच्या अनास्तासिया बेटावर गेली आणि १५७२ च्या सुमारास आजच्या जागी आली. तुमच्या संशोधनाच्या शीर्षकात ‘पहिला’, ‘एकमेव’, ‘सर्वांत’ यांपैकी शब्द असेल, तर आजच त्याच्या आजूबाजूची विशेषणं तपासा. मौखिक परीक्षेत प्रश्न तिथूनच येतो.

दुसरं वाक्य : चिरतारुण्याचा झरा

हुआन पोन्से दे लेऑन १५१३ मध्ये इथे आला तो चिरतारुण्य देणाऱ्या झऱ्याच्या शोधात, अशी ही गोष्ट. या नावाचं उद्यान शहरात आहे. तिकीट काढून आत गेलात की तिथलं पाणीही प्यायला मिळतं. मी प्यायले. गंधकाचा वास येतो. अठ्ठाविसाव्या वर्षी काही परिणाम जाणवला नाही!

आता रकाने भरू. पोन्से फ्लोरिडाला आला आणि या भूमीला फ्लोरिडा हे नाव त्याने दिलं, हे पक्कं. तो नेमका कुठे उतरला यावर अभ्यासकांचं एकमत नाही. त्याला राजाकडून १५१२ मध्ये जो परवाना मिळाला, त्यात बिमिनी बेटाचा शोध, जमीन, सोनं, वाटा कुणाला किती असं सगळं आहे. झरा मात्र नाही. पोन्से १५२१ मध्ये वारला. त्याच्या नावाला झरा चिकटवला ओव्हिएदो या इतिहासकाराने १५३५ मध्ये, तोही त्याची टिंगल करत. ही कथा अधिकृत इतिहासात पक्की बसली ती एर्रेराच्या १६०१ च्या ग्रंथामुळे. म्हणजे अंतर २२ वर्षं आणि ८८ वर्षं, आणि पोन्सेच्या स्वतःच्या कागदांत शून्य उल्लेख.

मग उद्यान कुठून आलं? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लुएला डे मॅकॉनेल नावाच्या बाईंनी ही जागा घेतली आणि विहिरीचं पाणी विकायला सुरुवात केली. तिथे त्यांना जमिनीत दगडांचा एक क्रूस ‘सापडला’. उभे दगड १५, आडवे १३. झालं की १५१३! पुरावा इतका नेमका जुळून आला की संशोधकाने खूश होण्याऐवजी सावध व्हायला हवं. माझ्या प्रयोगशाळेत पहिल्याच नमुन्याचा आलेख पुस्तकातल्यासारखा आला, तेव्हा आमच्या गाईड मॅडम म्हणाल्या होत्या, ‘आधी बघ, चुकून प्रमाणित नमुनाच तर ठेवला नाहीस ना?’ तोच ठेवला होता.

पण इथेच उठून जाल तर मोठी चूक कराल. १९३४ मध्ये याच उद्यानात संत्र्याची झाडं लावायला खणताना माळ्याला माणसांचे सांगाडे लागले. ते तिमुकुआ लोकांचं, ख्रिस्ती झाल्यानंतरच्या काळातलं दफनस्थान निघालं. पुढच्या दशकांत फ्लोरिडा विद्यापीठाच्या पुरातत्त्वज्ञ कॅथलीन डीगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथे उत्खनन केलं आणि मेनेंदेझच्या १५६५ च्या पहिल्या वसाहतीचे अवशेष याच आवारात सापडले. ज्या जागेवर शहरातली सर्वांत कच्ची कथा उभी आहे, तिच्याखालीच शहराच्या जन्माचा सर्वांत पक्का पुरावा होता. कथा खोटी निघाली म्हणून जागा सोडून देऊ नका, एवढं मी वहीत अधोरेखित करून ठेवलं.

तिसरं वाक्य : ‘सर्वांत जुनं घर’

ट्रॉली सेंट फ्रान्सिस स्ट्रीटजवळ येते. तिथे ‘ओल्डेस्ट हाऊस’ आहे, अभ्यासक त्याला गोन्झालेझ-आल्वारेझ घर म्हणतात. एके काळी हे घर सोळाव्या शतकातलं असल्याचं सांगितलं जाई. शहरात आणखीही काही घरं ‘सर्वांत जुनं’ असल्याचा दावा करत असत.

याचा निकाल लावायला रसायनशास्त्र लागत नाही. एक तारीख पुरते. १७०२ मध्ये कॅरोलायनाचा इंग्रज गव्हर्नर जेम्स मूर याने शहराला वेढा घातला. सगळं गाव किल्ल्यात आश्रयाला गेलं, सुमारे बाराशे ते पंधराशे माणसं. पन्नासेक दिवसांनी मूरला माघार घ्यावी लागली, पण जाण्याआधी गाव जळून खाक झालं होतं. त्यामुळे सोळाव्या शतकातलं घर दाखवायचं, तर ते या आगीतून कसं वाचलं हे आधी दाखवावं लागेल. आज हे घर १७२० च्या दशकाच्या सुरुवातीचं मानतात आणि तिथली इतिहास संस्था तेच सांगते. दावा दीडशे वर्षांनी आखडला, तरी घराची किंमत कमी झाली नाही. स्पॅनिश सैनिकाचं घर, मग ब्रिटिश काळातले बदल, मग पुन्हा स्पॅनिश, मग अमेरिकी, असे थर भिंतींत नीट वाचता येतात.

अशा तारखेला मी ‘गाळणी’ म्हणते. प्रत्येक विषयात एखादी तरी असते. ती सापडली की शंभर दावे एका दमात गाळता येतात.

आणखी एक गाळणी सांगते. सेंट जॉर्ज स्ट्रीट ही मधली पादचारी गल्ली म्हणजे लाकडी सज्जे, चुन्याच्या भिंती, अगदी जुनं स्पेन. त्यातली पुष्कळ घरं १९६० च्या दशकातली पुनर्बांधणी आहे. राज्य सरकारने १९५९ मध्ये जतनासाठी आयोग नेमला होता आणि १९६५ मध्ये शहराला ४०० वर्षं पूरी होणार होती, त्याची ही तयारी. आणि ज्या हॉटेलाचे लाल मनोरे बघून प्रवासी ‘किती स्पॅनिश!’ म्हणतात, ते पोन्से दे लेऑन हॉटेल तेलसम्राट हेन्री फ्लॅगलरने जानेवारी १८८८ मध्ये उघडलं. ते ओतीव काँक्रीटचं आहे. स्पेनची सत्ता जाऊन तेव्हा ६६ वर्षं उलटली होती. १९६८ पासून तिथे महाविद्यालय आहे.

चौथं वाक्य : ‘तोफगोळे गिळणारा किल्ला’

इथे मी दोन तास उतरले. कास्तियो दे सान मार्कोस, बांधकाम १६७२ ते १६९५. गावातली लाकडी घरं जळत राहिली, हा किल्ला मात्र लढाईत कधीच कोणी जिंकला नाही. तो हातांतून हातांत गेला, पण दर वेळी तहाने किंवा कराराने.

त्याचा दगड आहे कोकिना. छोट्या छोट्या शिंपल्यांचे तुकडे कॅल्शियम कार्बोनेटने एकमेकांना चिकटून बनलेला, समोरच्या अनास्तासिया बेटावरच्या खाणींतला. ओला असताना मऊ, वाळल्यावर टणक. सांध्यांसाठी चुना कुठून आणला? कालवांच्या शिंपल्या भाजून. आपल्याकडे कोकणात आणि गोव्यातही शिंपल्या भाजून चुना करत, त्यामुळे त्या भिंतीजवळ मी नको इतका वेळ घालवला. पहारेकरी दोनदा बघून गेला. दगड फोडणारे आणि वाहणारे हात होते मिशनांमधून आणलेल्या मूळनिवासींचे, गुलाम आफ्रिकी लोकांचे, कैद्यांचे. हावानाहून गवंडी आले होते.

ट्रॉलीत सांगतात की तोफगोळे भिंतीवर आपटून भिंत फोडण्याऐवजी आत रुतून बसत. हे नुसतं ऐकीव नाही. १७०२ आणि १७४० या दोन्ही वेढ्यांच्या काळापासून असे उल्लेख आहेत. ‘असं का होतं’ याचं उत्तर मात्र फार उशिरा आलं. फ्लोरिडा विद्यापीठातल्या अभियांत्रिकी संशोधकांनी कोकिनाच्या नमुन्यांवर पोलादी गोळ्या वेगाने मारून बघितल्या, तुलनेला वालुकाश्म आणि फोम घेतला आणि २०१५ मध्ये निष्कर्ष छापले. वालुकाश्म तडकला. कोकिनात मात्र गोळी लागली तिथल्याच शिंपल्यांची जोडणी तुटली, मधल्या पोकळ्या दाबल्या गेल्या, धक्क्याची ऊर्जा तिथेच खर्ची पडली आणि तडे दूर पसरले नाहीत. गोष्ट १७०२ ची, यंत्रणेचा पुरावा २०१५ चा. अंतर ३१३ वर्षं, आणि तरी तो पुरावा चालतो, कारण दगड अजून तोच आहे आणि प्रयोग पुन्हा करून बघता येतो. प्रयोगातली छोटी गोळी आणि तोफेचा गोळा यांत आकाराचा फरक आहे, तेवढी सावधगिरी ठेवायचीच.

‘म्हणून किल्ला पडला नाही’ या वाक्यातल्या ‘म्हणून’पाशी मात्र थांबा. मूरकडे मोठ्या तोफा नव्हत्या. त्या त्याने जमैकाहून मागवल्या होत्या आणि वाट बघत बसला होता. त्याआधी डिसेंबरअखेर हावानाहून स्पॅनिश जहाजं आली आणि मूर स्वतःची जहाजं जाळून पायी परतला. १७४० मध्ये जॉर्जियाच्या ऑगलथॉर्पने खाडीपलीकडून २७ दिवस तोफा डागल्या, तेव्हाही शेवटी हावानाची रसद पोचली. दगड हे एक कारण, लांबून होणारा मारा हे दुसरं, समुद्रावरची मदत हे तिसरं. आपल्यासारख्या विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना आपल्या यंत्रात दिसणारं कारण सर्वांत मोठं वाटतं. मी माझ्या प्रबंधात चुन्याचं असंच केलं होतं. जणू चुना चांगला म्हणून किल्ले टिकले, आणि वेळोवेळी डागडुजी करणारी माणसं नव्हतीच!

चाकं जिथे जात नाहीत

आता वहीचं शेवटचं पान. इथपर्यंतची वाक्यं मला ट्रॉलीने दिली होती. उरलेली दोन ठिकाणं मला किल्ल्यातल्या फलकांमुळे आणि मावशीच्या शेजारीणबाईंमुळे कळली.

पहिलं ठिकाण फोर्ट मोसे. शहराच्या मध्यापासून सुमारे ३ किलोमीटर उत्तरेला, दलदलीत. स्पेनच्या राजाने १६९३ मध्ये फर्मान काढलं होतं : इंग्रजांच्या वसाहतींतून पळून आलेले गुलाम कॅथलिक झाले तर त्यांना स्वातंत्र्य. कॅरोलायनातून माणसं जंगलं आणि दलदल तुडवत इथे येऊ लागली. १७३८ मध्ये गव्हर्नर मोंतियानोने त्यांच्यासाठी मोसे इथे गढी आणि वस्ती उभारली. आजच्या अमेरिकेच्या भूमीवरची, कायद्याने मान्य झालेली मुक्त कृष्णवर्णीयांची ही पहिली वसाहत. तिथल्या पथकाचा कप्तान फ्रान्सिस्को मेनेंदेझ, आफ्रिकेत जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला, पळून आलेला. १७४० मध्ये ऑगलथॉर्पच्या फौजेने मोसे घेतलं, तेव्हा स्पॅनिश सैनिकांबरोबर याच लोकांनी ते परत जिंकलं. किल्ला पडला नाही याचं चौथं कारण इथे आहे. १७६३ मध्ये फ्लोरिडा ब्रिटिशांकडे गेल्यावर ही सगळी मंडळी क्युबाला निघून गेली आणि जागा दलदलीने गिळली.

पुरावा? भरपूर. गव्हर्नरची पत्रं, नोंदी, खुद्द मेनेंदेझने राजाला लिहिलेले अर्ज, सगळं त्याच काळातलं. अंतर शून्य. १९८० च्या दशकात इतिहासकार जेन लँडर्स यांनी स्पॅनिश दप्तरखान्यांतले कागद शोधले, डीगन यांच्या चमूने जमीन खणली आणि दोन्ही जुळले. हाताने घडवलेलं संत ख्रिस्तोफरचं एक चांदीचं पदक तिथे मिळालं. १९९४ मध्ये जागेला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला.

आता झरा आणि मोसे शेजारी ठेवून बघा. झऱ्याला समकालीन पुरावा एकही नाही आणि त्याच्या नावाने शंभर वर्षांहून जास्त काळ तिकिटं विकली जात आहेत. मोसेचे कागद पहिल्या दिवसापासून होते आणि सव्वादोनशे वर्षं ते कुणी नीट उघडले नाहीत. पुराव्याचा भक्कमपणा आणि कथेची प्रसिद्धी यांचा काही संबंध नाही, हे मी इतकं स्पष्ट आधी कधी बघितलं नव्हतं. नमुना निवडताना होणाऱ्या पक्षपाताबद्दल आपण वाचतो. इथे रस्ताच नमुना निवडत होता. चाकं जिथे जातात तेवढंच शहर, असं आपण नकळत धरून चालतो.

दुसरं ठिकाण मात्र अगदी रस्त्यावर आहे, मधल्या प्लाझाजवळ. १९६४ च्या उन्हाळ्यात रॉबर्ट हेलिंग या दंतवैद्यांच्या पुढाकाराने इथे वर्णभेदाविरुद्ध मोठं आंदोलन झालं. रात्रीचे मोर्चे प्लाझातल्या जुन्या बाजाराच्या मंडपाकडे येत, ज्याला लोक ‘गुलामांचा बाजार’ म्हणत. ११ जूनला मॉन्सन मोटर लॉजच्या दारात मार्टिन ल्यूथर किंग यांना अटक झाली. १८ जूनला आंदोलक त्याच मोटेलच्या पोहण्याच्या तलावात उतरले, तेव्हा मालकाने पाण्यात आम्ल ओतलं. तो फोटो जगभर छापला गेला. दुसऱ्याच दिवशी अमेरिकी सिनेटने नागरी हक्क विधेयक मंजूर केलं आणि २ जुलैला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी त्यावर सही केली. हेच जॉन्सन मार्च १९६३ मध्ये, उपराष्ट्राध्यक्ष असताना, शहराच्या ४०० व्या वर्षाच्या तयारीसाठी इथे आले होते. फ्लॅगलरच्या हॉटेलात मेजवानी झाली आणि तिथे कृष्णवर्णीय नागरिकांना बसायला मिळावं म्हणून आधी भांडावं लागलं.

म्हणजे सेंट जॉर्ज स्ट्रीटवर जुनं स्पेन उभं करण्याचं काम आणि हे आंदोलन एकाच वेळी, एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर चाललं होतं. मोटेल २००३ मध्ये पाडलं गेलं. किंग उभे होते त्या पायऱ्या मात्र जपल्या आहेत. मी शोधत गेले. नव्या हॉटेलाच्या आवारात चार-पाच पायऱ्या, कुठेही न जाणाऱ्या. संध्याकाळ होत आली होती आणि मागून ट्रॉलीची घंटा ऐकू येत होती.

चालक काय म्हणाला

शेवटच्या थांब्यावर मी चालकाला विचारलं, ‘तुम्ही इतकं छान सांगता, हे सगळं कुठून कळलं?’ सत्तरीचे आजोबा होते. हसून म्हणाले, ‘लिहिलेलं मिळतं. बाकीचं मला ज्याने शिकवलं त्याच्याकडून. तो तर चाळीस वर्षं चालवत होता.’

मला माझी पुस्तिका आठवली. त्यांना दोष द्यायचा नाहीये. वाहतूक सांभाळत, एका थांब्याला मिनिटभरात, पन्नास अनोळखी माणसांना खिळवून ठेवायचं त्यांचं काम ते उत्तम करत होते. त्यांच्यामुळेच मी किल्ल्यात उतरले. टूर म्हणजे प्रश्नांची यादी समजा, झकास यादी. उत्तरं म्हणून ती वहीत उतरवली की माझ्यासारखं होतं.

तर तुमच्यासाठी गृहपाठ. प्रस्ताव लिहायला बसलात की प्रस्तावनेतली पाच वाक्यं निवडा, शक्यतो जी तुम्हाला शाळेपासून माहीत आहेत ती. प्रत्येकासमोर तीन रकाने भरा : वाक्य, सर्वांत जुना पुरावा, अंतर. ‘सर्वांत’ आणि ‘म्हणून’ या शब्दांखाली रेघ मारा. तुमच्या विषयातली गाळणीची तारीख शोधा. आणि शेवटी आणखी एक ओळ लिहा : माझी ट्रॉली कुठे गेलीच नाही?

माझ्या प्रबंधात आज ते शिशाचं वाक्य असं आहे : ‘पायात शिसं ओतल्याचं स्थानिक परंपरा सांगते.’ पुढे मला मिळालेल्या सर्वांत जुन्या छापील उल्लेखाचं वर्ष, आणि कंसात बांधकामाचा काळ, १६६४ ते १६६७. पायाजवळच्या सांध्यांचे नमुने घ्यायची परवानगी मिळावी म्हणून अर्ज केलाय, उत्तराची वाट बघतेय. पुढच्या महिन्यात समितीसमोर पुन्हा उभी राहणार आहे. तेच सर येणार आहेत आणि या वेळी मी तीन रकान्यांचा तक्ता पहिल्याच स्लाइडवर लावलाय.